भिवराबाईचा मान

चारा छावणीच्या फाटकातून उसाच्या वाढ्यांचा वास आला आणि तांबडीनं दाव्याला असा हिसका दिला, की साखराबाई दोन पावलं फरफटत गेली. एरवी वाऱ्यानं पडेल अशी गाय.

"धर नीट," भिवराबाई सुनेवर डाफरली. "दुसऱ्याच्या दारात हावरटपणा नको."

"तिला काय कळतंय आत्याबाई, दार कुणाचं ते."

छावणी सोसायटीची. पण पत्रे, दावण, पाण्याची टाकी सगळं नव्या चेअरमनच्या, भगवानरावाच्या रानात. फाटकावरच्या सटव्यानं तांबडीचा कान उलटून पाहिला. कानात बिल्ला नव्हता.

"माळवाडीची जनावरं हितं धरली न्हाईत, आजी."

"कावून? माळवाडी काय सोसायटीच्या बाहेर हाय?"

सटव्यानं मंडपाकडं बोट केलं. भगवानराव खुर्ची सोडून स्वतःच येत होता. भिवराबाईच्या पाया पडला, हाताला धरून तिला आपल्याच खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. सकाळी कुणा साहेबासाठी आणलेला झेंडूचा हार टेबलावर तसाच पडून होता. साहेब आलाच नव्हता. भगवानरावानं तो पाणी शिंपडून भिवराबाईच्या गळ्यात घातला. भोवतीच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. नको नको म्हणताना म्हातारीची पाठ ताठ झालीच.

"लई झालं कौतुक," ती म्हणाली. "गाय आत घे. शहादेव निवडून आला असता तर छावणी आमच्या ओढ्याला पडली असती. बोलून दाखवलंतं त्यानं."

"मग पाडला कावून त्याला? सख्ख्या दिराचा पोरगा तुमच्या."

"मी कशाला पाडू? सारी वाडी पालथी घातली त्यानं. जावेच्या माहेरच्यांच्यासुदिक पाया पडून आला, माझ्या उंबऱ्याला तेवढा आला न्हाई. म्हणला, काकी घरचीच हाय, तिला काय सांगायचं." भिवराबाईनं पदर सावरला. "घरच्या लग्नाला मी बोलावल्याबिगर गेले न्हाई कधी, मताला जाईन व्हय? मी बसले. मी बसले तशी आमची आळी बसली. एकाच्याबी बोटाला शाई लागली न्हाई." मग पुढं म्हणाली, "तुलाबी दिलं न्हाई. कुणालाच दिलं न्हाई."

"न्हाई दिलं ना, तेच मला पोचलं, काकी." भगवानराव अगदी मायेनं बोलला. "थोडक्यात गेला शहादेव. तुमची आळी घराबाहेर पडली असती, तर आज मी त्याच्या फाटकावर दावं धरून हुबा असतो. हा हार काय उगंच घातला?"

टाळ्या वाजवणारे हसले. भिवराबाईनं चहाची बशी खाली ठेवली.

"मग घे की गाय. तेवढं तरी मान."

"तुमाला न्हाई कसं म्हणू? पण ज्यांनी शाई लावून घेतली त्यांचीच जनावरं मावंनात दावणीला. उद्या ते इचारतील मला." त्यानं तांबडीकडं जाणत्याच्या नजरेनं पाहिलं. "लई दिवस घरी ठेवू नका. आष्टीच्या बाजारात नेली तर अजून चार पैसे येतील. बसल्यावर कोण घेतंय?"

भिवराबाई उठली. फाटकापर्यंत तिला कुणी आडवं आलं नाही, उलट वाट करून दिली. सटव्यानं तर हात जोडले.

बाहेर साखराबाई दावं मनगटाला गुंडाळून उभी होती. तिनं सासूच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग गळ्याकडं.

"काय म्हणले?"

"मान केला."

"पोटभर?"

भिवराबाईनं नुसता तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला. एरवी एवढ्या शब्दावर तिनं सुनेच्या माहेरच्या सात पिढ्या उकरल्या असत्या.

"मताच्या दिशी मी चपला घालून दारात बसलेते, आत्याबाई," साखराबाई हळूच म्हणाली. "तुमी म्हणलात, काढ."

तांबडीनं तोंड पुढं केलं आणि हाराचा एक झेंडू ओढला. साखराबाई दावं आखडायला गेली, तर भिवराबाईनं तिचा हात धरला आणि आपला गळा आणखी पुढं केला. फाटकाआतले बघत होते. गाय निवांत एकेक फूल ओरबाडत राहिली. फुलं संपली तेव्हा लाळेनं भिजलेला दोरा तेवढा म्हातारीच्या गळ्यात उरला, आणि तांबडी तोच चघळायला लागली.