सवलत

"आई आहे ना त्याची? मग नाही बसत तो नियमात," कुस्ती समितीचे सचिव म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मावशीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिने शेजारी उभ्या असलेल्या कुस्तीच्या सरांकडे पाहिलं. कान चेमटलेला तो दांडगा माणूस शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा होता. मग तिनेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. पोराचा बाप कधीच गेला. बहिणीच्या किडन्या कामातून गेल्या, तिच्या गावात डायलिसिसची सोय नाही, म्हणून मायलेक आपल्याकडे राहायला आले. म्हणून वर्षाच्या मध्येच शाळा बदलली. कुणाला हौस होती का?

"कळतं हो मला, बाई," सचिव म्हणाले. "पण चांगले पैलवान पळवायला शाळा काय काय सोंगं करतात, ते तुम्हाला नाही माहीत. याची आई आजारी, त्याच्या बापाची बदली. शेवटी समितीने सरसकट नियमच केला. मध्येच शाळा बदलली की त्या वर्षी पुढच्या फेरीच्या स्पर्धा बंद. सवलत फक्त आईबाप दोघंही नसलेल्याला. आणि नावं महिनाअखेरपर्यंतच घेणार."

"शाळेचं शेवटचं वर्ष आहे त्याचं, साहेब," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी कुठला खेळणार तो?"

"मग नशीब त्याचं," साहेब म्हणाले. चहा संपला होता.

पोरगा बाहेर जिन्यात बसला होता. घरात त्याला सगळे ढाण्या म्हणत. जन्मला तेव्हा मांजराच्या पिलाएवढा होता, म्हणून आईने चेष्टेने ते नाव ठेवलं आणि पोराने ते खरं करून दाखवलं. साऱ्या हंगामात एकदाही त्याची पाठ मॅटला लागली नव्हती. कुस्तीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं. मावशीने त्याला सगळं सांगून टाकलं. लपवून काय उपयोग, आज ना उद्या कळणारच. सवलत कुणाला आहे ते सांगताना मात्र तिची जीभ जड झाली. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला.

"हे बघ, आईपुढे यातलं अवाक्षर काढायचं नाही," मावशी म्हणाली. "निवड झाली म्हणून सांगायचं. तेवढ्यावरच तर तग धरून आहे ती."

"बरं, मावशी."

सरांनीही शपथ घेतली.

मावशी घरीच शिवणकाम करायची. त्या दिवसापासून मशीन चालवता चालवता तिच्या मनात एक पाप शिरू लागलं. ताईचं असं राहिलंय तरी किती? डॉक्टरांनीही हात टेकलेत. जायचंच आहे बिचारीला, तर मग महिनाअखेरच्या आत... तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. अगं सटवे, सख्ख्या बहिणीचं मरण चिंततेस? जिने तुला कडेवर घेऊन वाढवलं तिचं? हातातल्या कापडात तोंड खुपसून ती रडली, आणि ते कापड गिऱ्हाइकाचं आहे हे ध्यानात आल्यावर उठून धुऊन वाळत घातलं.

पोरगा मात्र सोन्यासारखा वागत होता. सरावाहून आला की आधी आईच्या खोलीत. तिचे केस विंचरायचा, तिला हसवायचा. निवड झाल्याची थाप त्याने अशी झकास मारली की आईने त्याचा गालगुच्चा घेतला. दाराआडून ते ऐकताना मावशीला स्वतःची लाज वाटायची. आपण एवढ्या मोठ्या, आणि मन हे असं काळं. पोराकडून शिकावं माणसाने!

डायलिसिसच्या दिवशी सकाळी गाडी दारात येऊन थांबली. मावशी आत गेली, तर बहीण भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"मी नाही येत."

"कंटाळून कसं चालेल, ताई? चुकवलं की अंगात पाणी भरतं. मागच्या वेळी श्वास कसा कोंडला होता, विसरलीस?"

"नाही विसरले. पण आता जायचंच नाही. आजही नाही, पुढेही नाही."

मावशीने तिचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं. "असं काय बोलतेस गं? आणि ढाण्याची कुस्ती? ती बघायची नाही तुला?"

"त्याने ती खेळावी म्हणूनच," बहीण म्हणाली. "महिनाअखेरच्या आत आटपायला हवं ना माझं?"

मावशी घाईघाईने आठवू लागली. मशीनवर बसल्या बसल्या आपण मोठ्याने तर बोललो नाही? की झोपेत बरळलो? तिने बहिणीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"ताई, माझंच तोंड फुटकं! माझ्या मनात आलं होतं गं तसं, खोटं नाही बोलत. पण तुझ्या कानावर जावं म्हणून नव्हतं. तू ऊठ. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण ऊठ."

"तू कुठं काय बोललीस, वेडे?"

"मग त्या सरांनी सांगितलं?"

बहिणीने नकारार्थी मान हलवली. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

"परवा पाय चेपत बसला होता. 'आई, तुला त्या मशीनचा फार त्रास होतो गं, कशाला जातेस?' म्हणाला. आणि मग मुदत सांगितली."