पोटोबाचा दिवा

टिंग! वाटीवर चमचा वाजला आणि अंधारात श्वास रोखून बसलेली पोरं खुदकन हसली. पोटोबाची जेवायची वेळ झाली होती.

पोटोबा म्हणजे उशीएवढा कापडी बाहुला. नायलॉनच्या मोज्याचं आतडं, प्लास्टिकच्या पिशवीचं जठर आणि जठरामागे इवलासा दिवा. पिशवीत लिंबाच्या पाण्यात बिस्किट चुरगाळलं जाताना तो लागायचा, आतलं सगळं दिसायचं, आणि पोरं "ईऽऽ" करून एकमेकांच्या अंगावर पडायची. चमचा वाजवणारी ती शाळाशाळांतून पचनाचा हा खेळ करून दाखवायची; आता तो तिच्या अंगवळणी पडला होता.

"पोटोबा कशाला घाबरतो?" तिनं विचारलं.

"कश्शाला नाही!" सगळ्यांत वरचा आवाज पहिल्या रांगेतल्या तिच्या लेकीचा. आज तिला सांभाळायला घरी कुणी नव्हतं.

आईनं दिव्याची कळ दाबली. दिवा लागला नाही. पुन्हा दाबली.

"पोटोबाच्या घरची लाइट गेली!" मागून एक जण ओरडला. सगळा हॉल हसून लोटपोट.

तीही हसली. हसतहसतच तिनं बाहुल्याची पाठ चाचपली. सेलच्या खणाचं झाकण बोट लागताच सरकलं. आत काही नव्हतं. सकाळी बटणासारखा चपटा नवा सेल घातला, स्क्रू पिळणार तेवढ्यात दूध उतू गेलं होतं. तो पिळायचा राहूनच गेला.

ती वाकून टेबलाखाली शोधू लागली.

"आई, तिथं नाहीये तो." लेक जवळ येऊन उभी होती. "मी खाल्ला."

"काय खाल्लंस, बाळा?"

"ते गोल, चकचकीत. तू मगाशी टेबल लावत होतीस ना, तेव्हा. बिस्किटाबरोबर. मी पण पोटोबा झाले." तिनं गळ्याच्या खाली बोट ठेवलं. "इथं टोचतंय."

चमचा हातातून सुटला. टिंग! पोरांना वाटलं, पुढचा घास. त्यांनी टाळ्या पिटल्या.

असा सेल अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या तिथे जाळत जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खेळात ती ते कधी सांगत नसे. पोरं घाबरतील म्हणून.

"बाई, गाडी काढा! दवाखान्यात जायचंय, आत्ताच्या आत्ता!" मुख्याध्यापिकेला ओरडून सांगत तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि दाराकडे धावत सुटली. मागे पोरं तालावर ओरडतच होती, "कश्शाला नाही! कश्शाला नाही!"

बाहेर लख्ख ऊन होतं. लेकीनं फ्रॉकचा गळा ओढून आत डोकावून पाहिलं. मग आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, इथं उजेड आहे म्हणून माझा दिवा दिसत नाहीये का गं?"