दिवा नसलेली गाडी

हितेंद्रची नवीकोरी बाईक टेम्पोतून काळाचौकीच्या चाळीत उतरली, तेव्हाच गुणाजींना शंका आली. गाडी चालत घरी येते, अशी त्यांची आजवरची समजूत होती. सून दर्शना पूजेचं ताट घेऊन आली, पण हळदकुंकू लावायला नंबरप्लेट नव्हती आणि लिंबूमिरची बांधायला आरसा नव्हता. संतापले की गुणाजी मालवणीवर येत.

"मेल्या, हिचो दिवो खंय?"

"रेसची आहे, बाबा. कंपनीतूनच अशी येते. लाइट नाही, हॉर्न नाही, स्टँड नाही."

"बरं, मला मागे बसव. गणपतीच्या पाया पडून येऊ."

"मागे सीटच नाही. आणि ही रस्त्यावर काढायची नसते. टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची."

"ट्रॅक कुठाय?"

"कोईमतूरला."

गुणाजींनी कपाळावर हात मारून घेतला. चांगली चालती बाईक विकून पोराने टेम्पोने फिरणारी बाईक घेतली होती. हितेंद्र टेम्पोवाल्याला वाट दाखवायला गेला, तसे ते सुनेवर घसरले.

"तो येडा झालाय, पण तू तरी अडवायचं ना त्याला?"

दर्शना टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढत होती. तिने मान वर केली नाही.

"जुनी बाईक घेऊन हा रोज लालबागच्या पुलावर शर्यत लावायचा, बाबा. दोनदा आपणच त्याला उचलून केईएमला नेलं ना? शोरूमवाला म्हणाला, ही रस्त्यावर चालत नाही. तिथंच मी हो म्हटलं."