मांगरात ठेवतत

मुलीने पोलिसांना नाव सांगितलं होतं गौरजा, गाव फोंडाघाट, आणि आईबाप नाहीत. कणकवली स्टेशनच्या बाकावर ती सकाळपासून एकटीच बसून होती. महिला पोलीस अनुजा तिला बालकल्याण समितीच्या खोलीत घेऊन आली, तरी ती तेच सांगत राहिली. मग काशिनाथसर आत आले आणि तिने मान खाली घातली.

"अगं, ही तर जामसंड्याची दिव्या," सर अनुजाला म्हणाले. "दीपेशची मुलगी. गेल्या वर्षी पण अशीच घरातून निघून आली होती."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, आधी तिला विचारायला हवं होतं. पण तोवर अनुजा दीपेशला फोन लावायला बाहेर गेली होती.

काशिनाथसर शाळेतून निवृत्त झाल्यावर समितीचे सदस्य झाले होते. गेल्या वेळी दिव्याला घरी पाठवलं ते त्यांनीच. दीपेश त्यांचा विद्यार्थी. कलमांची बाग, आंब्याचा धंदा, घरात कुणाला कसलं व्यसन नाही. बाकीचे सदस्य आणखी चौकशी करू म्हणत होते, तेव्हा सरांनी शब्द टाकला होता, घर माझ्या माहितीतलं आहे.

त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं, मध्ये टेबल न ठेवता.

"दिव्या, घाबरू नकोस. घरात काय होतं ते मला सांग."

सरांनी आवाज आणखी मऊ करून पुन्हा विचारलं.

"मागच्या येळाक सांगलंय मा तुमका," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सर आठवू लागले. याच खोलीत, खिडकीपाशी ती उभी होती आणि जाता जाता काहीतरी पुटपुटली होती. 'माका मांगरात ठेवतत.' एवढंच. आणि सर हसले होते. आंब्याच्या सीझनला सगळीच घरं बागेतल्या खोपटात, मांगरात, मुक्कामाला जातात, राखणीला, पेट्या भरायला. त्यांचं स्वतःचं बालपण तसंच गेलेलं. मांगरात राहायला किती मजा येते, असं काहीतरी बोलून त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं होतं आणि तिला बापाच्या गाडीत बसवलं होतं.

आता त्यांच्या लक्षात आलं, तो सीझन नव्हताच. दिवाळी जवळ आली होती. तेव्हा मांगरात कोणी राहत नाही.

दीपेश दुपारी आला. सरांनी त्याला आत येऊ दिलं नाही, व्हरांड्यातच गाठलं. तो आधी पाया पडला, मग हात जोडून सुरू झाला. पोरगी हट्टी आहे, उलट बोलते, तुम्हाला उगाच त्रास. सरांनी मांगराचं विचारलं. त्याने ते लपवलंही नाही. हो, ठेवतो. रात्रभर एकटी राहिली की सकाळी सुतासारखी सरळ होते. हात मात्र तिच्यावर कधी उगारला नाही.

"आणि सर, तुम्ही नव्हता का आम्हाला नकाशांच्या खोलीत कोंडत?" तो हसत म्हणाला, अगदी मायेने. "आमचं काय वाईट झालं?"

नकाशांच्या खोलीला खिडकी नव्हती. दीपेश पहिल्यांदा तिथून बाहेर आला तेव्हा त्याची चड्डी ओली झाली होती आणि सगळा वर्ग हसला होता. आपणही हसलो होतो का, ते सरांना आठवेना.

"आज ती घरी येणार नाही," ते म्हणाले.

दीपेशला आधी कळलंच नाही. "सर, तुम्ही ओळखता मला."

सरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दीपेश चिडला, मग रडवेला झाला, गावात तोंड कसं दाखवू म्हणाला. शेवटी गाडीत जाऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही. सरांनी बाकीच्या सदस्यांना फोन करून बोलावून घेतलं. गेल्या वेळी चूक माझी झाली, हेही सांगितलं. त्यांना सांगणं सोपं गेलं. दिव्याकडे आत जाणं जड गेलं.

अनुजाने दिव्याला वडापाव आणून दिला होता. अर्धा खाऊन उरलेला अर्धा ती कागदात गुंडाळून ठेवत होती. सरांनी तिला सांगितलं, आज तुला घरी जायचं नाही.

तिचे हात थांबले. "मगे माका खंय धाडतल्यात?"

"बालगृहात. चांगलं आहे. तुझ्या वयाच्या मुली आहेत तिथे."

दिव्याने थोडा विचार केला.

"थंय दाराक कडी भायरसून आसता काय भितरसून?"

काशिनाथसर त्या बालगृहाची पाहणी करून अनेकदा आले होते. स्वयंपाकघर पाहिलं होतं, गाद्या दाबून पाहिल्या होत्या, मुलींनी म्हटलेलं स्वागतगीत ऐकलं होतं.

"माका म्हायत नाय, बाय," ते म्हणाले.