करवंदीचं कुंपण

“काटेरी तारच मारून टाकतो,” नागोराव म्हणाला. “एक बी पोरगं अंगणात फिरकायला नगं.”

सोजराबाईनं मान डोलावली. एकुलता एक बन्सी तापानं गेला, तेव्हापासून नवऱ्याला पोरांचा आवाज सहन होत नाही, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. गाव सोडून त्यानं इतक्या लांब, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर गवंडीकाम धरलं तेही त्यापायीच. पण बेटेगावात घर मिळालं ते नेमकं शाळेच्या वाटेवर. पोरांचा गलका आला की नागोराव उठून दार लावून घ्यायचा. सोजराबाई दाराआडून कानोसा घेत राहायची. एखादं तरी पोर आत यावं, घोटभर पाणी मागावं, म्हणून तिचा जीव तुटायचा. पण हे नवऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती.

“तार कशाला? खाऱ्या वाऱ्यानं गंजून जाईल,” ती म्हणाली. “झाडाचंच कुंपण करू. मी बघते.”

बाई मोठी हुशार. निर्गुडीला काटा नाही म्हणून ती बाद झाली. नागोरावानं निवडुंग सुचवला, तर त्यात साप शिरतात म्हणून तिनं मोडता घातला. मग मोळी विकायला येणाऱ्या लाडकीकडून तिनं डोंगरातली करवंदीची रोपं मागवली.

“बाय, हिला करवंदां लागली का गावची सगली पोरां येतीन,” लाडकीनं बजावलं.

“हळू बोल गं,” सोजराबाई म्हणाली आणि पदराआड हसली.

नागोरावानं काटा बोटाला टोचून पाहिला. “ब्येस हाय,” म्हणाला. नवऱ्याच्या डोळ्यांत कशी बेमालूम धूळ फेकली, या खुशीत ती जाळीला पाणी घालत राहिली.

तिसऱ्या उन्हाळ्यात जाळी काळ्याभोर फळांनी लगडली आणि पोरांची झुंबड उडाली. हात ओरबाडले, ओठ चिकानं चिकटले, तरी कुणी हटेना. एक धीट पोर तर फाटक ढकलून आतच आली. सोजराबाई तिला तांब्यानं पाणी देत होती, तेवढ्यात नागोराव कामावरून आला. कोपऱ्यातली काठी उचलून तो तरातरा जाळीकडे निघाला. तांब्या तिथंच टाकून ती त्याच्यामागं धावली.

“अवो, मारू नगा! मीच लावली ती, पोरं यावीत म्हनून!”

नागोराव थांबला नाही. काठीनं त्यानं उंचावरची फांदी खाली वाकवली. “खालची कच्ची हायेत रे,” तो पोरांना म्हणाला. “ही घ्या, पिकल्याली.”

मग तो तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते.

“आगं, मग आधी बोलायचं न्हाई का? मला वाटलं, तुलाच पोरं बघवत न्हाईत.”