पाठीतली पट्टी

"प्लास्टिक आहे हे. सरळसरळ प्लास्टिक!"

म्हाताऱ्याने रश्श्यातून निघालेली पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. बोटभर लांब, काचेसारखी आरपार, टोकाला निमुळती. मुलाने ती हातात घेऊन वाकवली. लवली आणि पुन्हा सरळ झाली. प्लास्टिकच, दुसरं काय असणार?

सुनेने आज माकुलं, म्हणजे स्क्विड, रांधली होती, म्हाताऱ्याच्या आवडीची. आता ती ताटाशी मान खाली घालून उभी होती.

गेले काही महिने घरात हेच चाललं होतं. कपाटाची किल्ली सापडली नाही, की सुनेने लपवली. औषध कडू लागलं, की तिने त्यात काहीतरी कालवलं. मुलगा आधी हसण्यावारी नेई. पण संशय मोठा चिवट. रोज कानावर पडला की मनात घर करतो. हल्ली तोही बायकोच्या हातांकडे बघत जेवायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती सासऱ्यांना 'सर'च म्हणते, हेही त्याला आता खुपू लागलं होतं. कॉलेजात त्यांच्या वर्गात होती, मान्य. पण घर म्हणजे काय वर्ग आहे? शिवाय बाबा उगाच बोलणारे नव्हेत. सारी हयात त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं. माशीचा पाय भिंगाखाली ठेवून जेवण विसरणारा माणूस; त्याचा डोळा फसेल?

"या घरात एक तर ही राहील, नाहीतर मी," म्हातारा म्हणाला. तो खरंच घाबरला होता.

"चुकलं सर. पुन्हा नाही होणार," सून म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

मुलाचं डोकंच फिरलं. तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरला. "म्हणजे कबूल करतेस? मग बॅग भर आणि माहेरी जा."

फ्रिजमधून तिने उरलेलं एक कच्चं माकूल काढलं, आत बोटं घातली आणि पाठीच्या बाजूने काहीतरी ओढलं. तशीच आरपार पट्टी सर्रकन बाहेर आली.

"हे गोगलगायीच्याच कुळातलं. पाठीवरचा शंख आत गेला आणि झिजत झिजत एवढा उरला. साफ करताना मी काढून टाकते. आज सरांनी मध्येच किल्लीसाठी हाक मारली, एक राहून गेली."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातल्या पट्टीशेजारी त्याने ती दुसरी धरून पाहिली.

"अगं, मग तिथेच का नाही सांगितलंस बाबांना?"

तिने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कसं सांगू? ही पट्टी मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवली होती."