भावावरच्या ओव्या

"आत्याबाई, आईवरच्या झाल्या, सासूवरच्या झाल्या. आता भावावरच्या म्हना," इंद्रभान म्हणाला आणि त्यानं वहीचं कोरं पान उघडलं.

इंद्रभान नागपुरात संस्कृतीचा विषय घेऊन एम. ए. करत होता. प्रबंधासाठी त्याला जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. वरवट बकाल या त्याच्या गावात इंजिनाची चक्की येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण पोराच्या शिक्षणासाठी जानरावांनी गोठ्यात पडलेलं जातं धुऊन ओसरीवर मांडलं आणि थोरल्या बहिणीला, मनकर्णाबाईला, आणायला दमणी पाठवली. तीही बैलांना झुली घालून. आता स्वतःच एम. ए. होणार असल्यासारखे ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. ओसरीवर, पायऱ्यांवर शेजारच्या बायका दाटून बसल्या होत्या.

मनकर्णाबाईनं खुंटा धरला. समोरून भावजयीनं, गोजरबाईनं धरला.

"माह्या भावाचा वाडा, चौकात तुळस
भाऊ माहा जानराव, देवळाचा कळस"

जानरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "लिहिलं का बे?"

"लिहिलं, बाबा."

मनकर्णाबाईनं जातं थांबवलं. "बाबू, मी म्हनीन थे सारं लिहिशीन?"

"हाव. आमच्या सरांचं तसंच सांगणं हाये. गानारीनं म्हटलं तसं लिहाचं, एक अक्षर इकडचं तिकडं कराचं नाई."

"अन् थे कुठी जाईन?"

"नागपूरले. पुठ्ठा बांधून विद्यापीठात ठेवतेत."

"किती दिवस?"

"कायमचं."

"बरं," म्हणून तिनं जात्यात मूठभर ज्वारी टाकली.

भावावरची ओवी म्हणजे भावाचं कौतुक. बाई सासरी उपाशी झोपली असो की मार खाऊन उठली असो, जात्यावर भाऊ सोन्याचाच. मनकर्णाबाईनं अठरा वर्षं ही रीत पाळली. आज पाळायची नाही, हे तिनं दमणीत पाय ठेवतानाच ठरवलं होतं.

"पुंजाले चढे ताप, धाडला गडी भावाले
बैल दावणीले उभे, दमणी नाई शेगावले

भाऊ म्हने गड्याले, बैल पटासाठी राखले
माह्या मांडीवर पुंजानं डोये झाकले"

अडकित्ता थांबला. इंद्रभानची पेन्सिलही थांबली. हे नाव या घरात त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"आई, पुंजा कोन?"

"आत्याबाईचा पोरगा," गोजरबाई खाली मान घालून म्हणाली. "तुह्याहून दोन महिन्यांनी मोठा होता. चार वर्साचा होऊन गेला."

"बाई, काय म्हनून राह्यली तू हे?" जानराव उठून उभे राहिले. "बैल शंकरपटाच्या शर्यतीले ठेवले होते, थे खरं हाये. पन दवाखान्यासाठी दमणी मागाले तुहा गडी इथं आलाच नाई. निरोपच भेटला नाई मले. हजार डाव सांगून झालं. इंद्रभान, खोड थे."

अठरा वर्षं मनकर्णाबाई हेच ऐकत आली होती. गडी मरून गेला, साक्षीला कोणी उरलं नाही, आणि सख्ख्या भावाला खोटारडा म्हणणारी बहीण गावाला नको असते.

इंद्रभाननं बापाकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. "आत्याबाई, बाबा नाई म्हनतेत. खोटं असन तर कसं ठेवू?"

"लिही," गोजरबाई म्हणाली.

"गोजरे, तू चूप बस," जानराव म्हणाले.

"बसलीच होती. गडी आला थे मी पाह्यलं. दारात उभा राहून हात जोडत होता तुमच्यासमोर. तुम्ही आत गेल्यावर त्याले पानी मीच देल्लं." तिनं खुंट्यावरचा हात काढला नाही. "लिही, बाबू. तुहा सर म्हनते तसंच लिही."

इंद्रभाननं लिहिलं. मनकर्णाबाईनं भावजयीकडं एकदाच पाहिलं. मग दोघींनी मिळून जातं फिरवलं.

"पट जितला भावानं, गुलाल उडाला गावात
त्याच दिसी पुंजा माहा पुरला म्या वावरात"

जानराव बाहेर जायला निघाले. पायऱ्यांवर बसलेल्या बायकांपैकी एकीनंही पाय आखडून घेतला नाही. ते परत येऊन खाटेवर बसले.

"आता वाचून दाखव," मनकर्णाबाई म्हणाली. "मोठ्यानं."

इंद्रभाननं वाचलं. गड्याचं, बैलांचं, गुलालाचं, वावराचं. वर्गात धडा वाचावा तसं सुरू केलं होतं त्यानं, पण शेवटची ओळ बोट ठेवून सावकाश वाचली. बापाकडं त्यानं मान वर करून पाहिलं नाही.

"बरोबर हाये का, आत्याबाई?"

"बरोबर हाये." तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि जात्यात पुन्हा ज्वारी टाकली. आपल्याला इतकं हलकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. "पान पलट, बाबू. भावावरच्या अजून चाळीस हायेत."